शनिवार-रविवारची पानं कोरी का आहेत?

पत्र असं आहे, थोडं आखडतं घेऊन देतेय:

"ताई, माझं वय ३४, उंची १६० सेंमी. चार महिन्यांपूर्वी वजन ७४ किलो होतं. एक ॲप घेतलं, त्याने रोज १२०० कॅलरीचं टार्गेट दिलं आणि मी लिहायला लागले. पहिल्या अडीच महिन्यांत ५ किलो उतरले, खूप आनंद झाला. पण गेले सहा आठवडे काटा ६९ वरून हलत नाहीये. सोमवार ते शुक्रवार मी एकदम कडक असते, हातातल्या घड्याळात जेवढ्या कॅलरी जळाल्या दिसतात त्यातल्या थोड्या परत खाते कारण ॲपच तसं सांगतं. शनिवार-रविवार मात्र ताबा सुटतो आणि मग मी लिहितच नाही, लाज वाटते. मला ५५ किलोवर यायचंय. मागच्या महिन्यात मैत्रिणीकडे जेवायला गेले नाही, कारण तिथल्या जेवणात किती कॅलरी असतील ते कळणार नाही म्हणून. आणि परवा माझी नऊ वर्षांची लेक ताटात बघून म्हणाली, आई यात किती कॅलरी आहेत? तेव्हापासून झोप नाहीये. माझं मेटाबॉलिझम बंद पडलंय का? लिहिणं सोडून देऊ का?"

अगं, आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते म्हणजे छातीवरचा दगड उतरेल. मेटाबॉलिझम, म्हणजे शरीराचं ऊर्जा वापरणं, बंद पडत नाही. वजन कमी झालं की शरीर थोडी कमी ऊर्जा वापरतं हे खरंय, कारण हलवायला शरीरच हलकं झालेलं असतं आणि त्याशिवाय शरीर जरा काटकसरही करायला लागतं, पण ती काटकसर इतकी नसते की १२०० खाऊन सहा आठवडे काहीच हलू नये. म्हणजे १२०० हा आकडाच खरा नाहीये. तू खोटं बोलतेयस असं मी अजिबात म्हणत नाहीये हं, नीट वाच पुढे.

तुझ्याच आकड्यांवरून हिशोब केला. १९९० साली मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं एक सूत्र आलं, आजही तेच जास्त वापरतात. बायकांसाठी ते असं: वजन गुणिले १०, अधिक उंची सेंमीमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. तुझं आत्ताच्या ६९ किलोवर येतं १३५९. ही झाली दिवसभर नुसतं पडून राहिलीस तरी लागणारी ऊर्जा. बसून काम आणि थोडं चालणं-फिरणं धरून १.४ ने गुणलं की साधारण १९०० येतात. म्हणजे १९०० च्या आसपास खाल्लंस तर वजन आहे तिथेच राहणार.

आता तुझा आठवडा बघ. पाच दिवस १२०० म्हणजे ६०००. शनिवार-रविवार तू लिहिलेले नाहीत, पण पत्रात जे वर्णन केलंयस त्यावरून २६०० प्रत्येकी धरले तर ५२००. लिहिलेल्या दिवशीही फोडणीचं तेल, लेकीच्या ताटातलं उरलेलं, चालता चालता तोंडात टाकलेले दाणे असं रोज २५० तरी निसटतं, पाच दिवसांचे १२५०. आणि घड्याळाने दिलेल्या परत खाल्लेल्या, चार दिवस २५० धरल्या तर १०००. बेरीज १३४५० आणि सातने भागलं की १९२१. बघितलंस? काटा हलत नाहीये कारण हलायचं काही कारणच नाहीये. माझे अंदाज थोडे इकडेतिकडे होतील पण चित्र हेच आहे.

आणि हे तुझं एकटीचं नाही गं. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात नेमकी तुझ्यासारखीच तक्रार असलेली माणसं घेतली होती, १२०० पेक्षा कमी खातो तरी वजन उतरत नाही म्हणणारी. शरीरात ऊर्जा खरंच किती खर्च होते ते मोजायची एक पद्धत आहे, खास खूण केलेलं पाणी पाजून लघवीच्या नमुन्यांवरून काढतात, ती वापरून बघितलं तर मेटाबॉलिझम ठीकच निघालं, पण लोकांनी सांगितलेलं खाणं खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होतं आणि व्यायाम ५१ टक्क्यांनी जास्त सांगितलेला होता. ती माणसं लबाड नव्हती, त्यांना स्वतःला तसंच वाटत होतं. २००२ च्या एका छोट्या अभ्यासात तर आहारतज्ज्ञांनी स्वतःचं खाणं लिहिलं तेव्हा तेही रोज सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी कमीच लिहीत होते. ज्यांचा धंदाच हा, त्यांचं हे, तर मग आपल्याला स्वतःला दोष द्यायचं काय कारण.

आता माझं खरं म्हणणं. तुझी वही परीक्षेचा पेपर झालीये. चांगले दिवस लिहायचे आणि नापास झालेले दिवस कोरे सोडायचे. पण वहीचा उपयोगच मुळी त्या कोऱ्या पानांत आहे! सोमवार ते शुक्रवार काय होतं ते तुला लिहिल्याशिवायही माहितीये. जे माहीत नाही ते शनिवारी होतं आणि तेच तू लिहीत नाहीस.

आणि शनिवारी ताबा का सुटतो, तर तुझ्यात जिद्द नाही म्हणून नाही. पाच दिवस शरीराला गरजेपेक्षा कमी देतेस, शरीर सहाव्या दिवशी वसूल करतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने जवळजवळ निम्म्या खाण्यावर ठेवलं होतं, स्वतःहून आलेली धडधाकट मुलं होती ती. काही महिन्यांत त्यांना जेवणाशिवाय दुसरं काही सुचेना, कुणी स्वयंपाकाची पुस्तकं जमवायला लागलं, चिडचिड, उदासी, आणि उपासमार संपल्यावर कितीतरी दिवस पोट भरल्यासारखंच वाटेना. तुझं प्रकरण इतकं टोकाचं नाही हे मला कळतं, पण शरीर त्याच जातीचं आहे. खाण्यावर घट्ट झाकण लावलं की मन सतत खाण्यातच घुटमळतं.

म्हणून पहिलं काम, टार्गेट वाढव. हो, वाढव. १५०० कर, आणि सातही दिवस १५००. आठवड्याचे होतात १०५००, म्हणजे आत्ता खरं जे खातेयस त्यापेक्षा जवळजवळ ३००० कमी, आणि तरी वहीतलं रोजचं ताट आत्ताच्या वहीतल्या सोमवारपेक्षा मोठं. एखाद्या शनिवारी २००० झाले तरी चालेल, आठवड्याची बेरीज बघायची, दिवसाची नाही. ॲपला तू "आठवड्याला १ किलो" असं सांगितलं असणार म्हणून त्याने १२०० दिलं, त्याला तुझी भूक दिसत नाही ना. तिथे पाव ते अर्धा किलो टाक.

१ किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं, मूळ हिशोब १९५८ सालचा, पाउंडाला ३५०० असा. सुरुवातीला अंदाज बांधायला ठीक आहे, पण महिनोन्महिने सरळ रेषेत तसंच उतरत जाईल असं धरून बसू नकोस, वजन उतरतं तशी गरजही उतरते, त्यामुळे गती मंदावते आणि ते नॉर्मल आहे.

घड्याळाचं सांगते. ते परत खाणं आजपासून बंद. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी मनगटावरची सात उपकरणं तपासली होती, नाडीचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले, पण जळालेल्या कॅलरीत सगळ्यात चांगलं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्के चुकत होतं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. आणि तुझं चालणं त्या १.४ मध्ये आपण धरलेलंच आहे, मग तेच दुसऱ्यांदा कशाला मोजायचं? चालणं सोडू नकोस मात्र. ते हृदयासाठी, झोपेसाठी, आणि उतरलेलं वजन परत चढू नये म्हणून फार मोलाचं आहे. आठवड्यातून दोनदा काही जोर लावायचे व्यायामही कर, नाहीतर वजनाबरोबर स्नायूही जातात.

आता स्वयंपाकघर. सगळं मोजत बसू नकोस, कंटाळशील. ज्यात मोठी चूक होते तेवढंच मोज. तेल हे पहिलं. १५ मिलीच्या मोठ्या चमच्यात जवळजवळ १२० कॅलरी असतात आणि हाताने ओतताना तो एक होता की अडीच ते कुणालाच सांगता येत नाही. बाटलीच काट्यावर ठेव, स्वयंपाकाआधी एकदा आणि नंतर एकदा, फरक हा वापरलेलं तेल, जेवणाऱ्या माणसांत वाटून टाक. दुसरं, कच्चं का शिजलेलं. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण १३०, कारण पाणी शिरतं. ॲपमध्ये चुकीची ओळ निवडली की हिशोब तिपटीने इकडचा तिकडे होतो, मला येणाऱ्या पत्रांत ही चूक इतक्यांदा दिसते! तिसरं दाणे, बदाम, लोणी, चीज, म्हणजे दिसायला मूठभर आणि आकडा मोठा. काकडी, पालेभाजी, टोमॅटो मोजलेच नाहीस तरी आकाश कोसळणार नाही. आणि पिण्यातलं विसरू नकोस, साखर घातलेलं जे काही पितेस ते लिही, कारण पातळ पदार्थ घन पदार्थाइतकं पोट भरल्यासारखं वाटू देत नाहीत.

एवढं करूनही आकडा तंतोतंत येणार नाही, कधीच नाही, आणि हे एकदा मनावर घेतलंस की निम्मी चिंता जाईल. पाकिटावरचे आकडे येतात ते ॲटवॉटर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या १९ व्या शतकाच्या शेवटच्या कामावरून, १ ग्रॅम प्रथिनाला ४, कर्बोदकाला ४, फॅटला ९. सरासरी आहेत त्या. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी माणसांना बदाम खायला देऊन तपासलं तर २८ ग्रॅम बदामातून शरीराला १७० च्या आसपास नाही तर १२९ कॅलरीच मिळत होत्या, बाकीच्या पेशींच्या भिंतीत अडकून तशाच बाहेर जातात. शिवाय प्रथिनं पचवायलाच त्यांच्यातली २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च होते, फॅटला जेमतेम ३ पर्यंत. अमेरिकेत तर पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त कॅलरी निघाल्या तरी नियमात बसतं. मग ॲपमध्ये "१४९८" दिसलं म्हणून खूश आणि "१५१२" दिसलं म्हणून रडायचं याला काही अर्थ आहे का, सांग.

मग लिहायचं कशाला असं तू म्हणशील. इथेच तर खरी गंमत आहे आणि हे कुणी सांगत नाही म्हणून जरा वेळ घेऊन सांगते. समज तू चार आठवडे सगळं लिहिलंस, शनिवारसकट, आणि सरासरी आली १७००, आणि वजन जिथल्या तिथे. तर तुझ्या वहीच्या मापात तुझी गरज १७०० आहे. खरी गरज १९०० असेल आणि तू रोज २०० लिहायला चुकत असशील, असू दे! चूक रोज सारखीच होत असेल तर काही बिघडत नाही. तुझ्या वहीच्या मापाने ३०० कमी कर, १४०० लिही, वजन उतरेल. सूत्र, ॲप, घड्याळ या सगळ्यांपेक्षा ही तुझी स्वतःची वही जास्त खरी, कारण ती तुझ्या शरीरावरून निघालीये. पण अट एकच, चूक सारखी पाहिजे. पाच दिवस बारीक लिहिलं आणि दोन दिवस कोरे सोडले तर यातलं काहीच कळत नाही. आणि म्हणूनच वर मी दिलेले १५०० हेसुद्धा फक्त सुरुवातीला आहेत, महिन्याभराने तुझ्या वहीवरून तूच बदल.

वेळ फार जात नाही, सवय झाली की. २०१९ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात लोकांना पहिल्या महिन्यात रोज साधारण २३ मिनिटं लागायची, सहाव्या महिन्यापर्यंत १५ च्या खाली आली, आणि लिहिण्यात किती वेळ घालवला यापेक्षा दिवसातून किती वेळा लिहिलं त्याचा संबंध वजनाशी जास्त दिसला. म्हणजे रात्री बसून आठवत आठवत लिहिण्यापेक्षा खाल्लं की लगेच दोन शब्द. अंदाज येत नसेल तर नुसतं "मोठं ताट, गोड दोनदा" एवढं लिही, तेही चालतं.

काट्याचं पण बोलूया, कारण तुझा मूड काट्यावर चालतोय असं पत्रावरून दिसतंय. एका रात्रीत १ किलो वाढलं म्हणजे चरबी नाही, चरबी असती तर गरजेपेक्षा ७७०० जास्त खायला लागल्या असत्या, कुणाला जमणार? ते पाणी असतं. शरीर कर्बोदकं ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खारट खाल्लं, पाळी जवळ आली, आदल्या दिवशी व्यायाम जास्त झाला, पोट साफ नाही झालं, काटा वर. एकतर रोज सकाळी बघ आणि आठवड्याची सरासरी काढ, नाहीतर आठवड्यातून एकदाच बघ. रोजचा आकडा मनाला लागत असेल तर दुसरं निवड, बिनधास्त. आणि तुलना करायची तर पाळीच्या त्याच दिवसांशी, या महिन्याची मागच्या महिन्याशी.

५५ किलो कुठून आणलेस? लग्नाआधीचं वजन का? तुझ्या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) १८.५ ते २४.९ म्हणजे साधारण ४७ ते ६४ किलो. आशियाई वंशाच्या लोकांत धोका २३ च्या पुढेच वाढायला लागतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये मांडलंय, ते धरलं तर ५९. मी तुझ्या जागी असते तर आत्ता ६४ ठरवलं असतं आणि तिथे पोचून तीन महिने मुक्काम केला असता, मग पुढचं पुढे. आणि एक गोष्ट तू पत्रात एका ओळीत उडवून लावलीस, ७४ मधले ५ किलो गेले म्हणजे जवळजवळ ७ टक्के. ५ ते १० टक्के वजन उतरलं की रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड यांच्यात चांगला फरक पडायला लागतो. ते तू केलंयस ऑलरेडी! कंबर पण मोज मधूनमधून, उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असली पाहिजे, म्हणजे तुझी ८० सेंमीच्या आत.

थकवा, केस गळणं, सारखी थंडी वाजणं असं काही असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हा माझा हिशोब स्वतःला लावू नये, आधी डॉक्टरांशी बोलावं. हे तुला नाही, हे वाचणाऱ्या बाकीच्यांना.

आता मैत्रिणीकडे न जाणं. पत्रातलं मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे. वजन सहा आठवडे अडकलं तर काही बिघडत नाही गं, पण माणसांकडे जाणं बंद झालं तर बिघडतं. स्वतःला खरं खरं विचार: लिहिलं नाही तर घाबरायला होतं का? जास्त खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी उपाशी राहतेस का, ओकून काढावंसं वाटतं का? कुणापासून लपवून खातेस का? पाळी चुकलीये का? यातल्या एकालाही हो असेल तर ॲप आजच काढून टाक आणि मानसोपचारतज्ज्ञ किंवा अशा गोष्टींत काम केलेल्या आहारतज्ज्ञाला भेट, १५०० वगैरे सगळं विसरून जा. खाण्याचे आजार असलेल्यांना विचारलेल्या २०१७ च्या एका अभ्यासात बहुतेकांनी कॅलरी मोजायचं ॲप वापरलेलं होतं, आणि वापरणाऱ्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांनी सांगितलं की त्याने आपला आजार वाढायला हातभार लावला. हे साधन सगळ्यांसाठी नाही. तसं असेल तर ताटातला निम्मा भाग भाज्या-फळं, प्रत्येक जेवणात काहीतरी प्रथिनाचं, सावकाश खाणं, एवढ्यावरही वजन आटोक्यात राहतं, आकड्याशिवाय.

आणि उत्तरं सगळी नाही असतील तर लिहीत राहा, पण कायमचं नाही. आठ-दहा आठवडे सलग, शनिवारसकट. तोवर हाताला आणि डोळ्याला अंदाज येतो, चमचा किती, वाटी किती हे न मोजता कळायला लागतं. मग बंद कर, आणि वजन दोन किलोने वर सरकलं तर पुन्हा दोन आठवडे लिही. मैत्रिणीला आजच फोन कर, जेवायला जा, आणि त्या दिवशीच्या पानावर फक्त तिचं नाव लिही, आकडा नको.

लेकीसाठी झोप उडवून घेऊ नकोस, पण गंभीरपणे मात्र घे. नऊ वर्षांच्या मुलीला वाढायचंय, तिने कॅलरी मोजायच्याच नाहीत. ताटावर फोन नको, काटा तिला दिसेल असा बाहेर नको, आणि स्वतःच्या पोटाबद्दल, मांड्यांबद्दल तिच्यासमोर एक वाकडा शब्द नको, तिच्या तर नाहीच नाही. "हे चांगलं खाणं, हे वाईट खाणं" असं पण म्हणू नकोस. तिने पुन्हा विचारलं तर ओरडू नकोस आणि विषयही टाळू नकोस, तिला सांग की तो आईचा थोड्या दिवसांचा हिशोब आहे, मोठ्यांचा, तुला भूक लागली की खायचं आणि पोट भरलं की थांबायचं, तुझं पोट तुला बरोबर सांगतं. मग तिच्या ताटात जे आहे तेच तुझ्या ताटात वाढून घे आणि तिच्यासमोर बसून सगळं खा.